सूर्य मावळल्यानंतरची वीज

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझं तुमच्याशी भांडण चालूच आहे. उद्या मी पुन्हा त्या वाळवंटी देशात निघाले आहे. तिथल्या एका गावाला रात्रभर उन्हाची वीज पुरवून दाखवायची आहे. दिवसा पॅनेलवर गाव चालवायचं, जास्तीची वीज बॅटऱ्यांत साठवायची, आणि अंधार पडला की गाव त्या बॅटऱ्यांवर घ्यायचं. तुम्ही उभी हयात कोळशावर वीज काढलीत. हे ऐकून तुम्ही काय म्हणाला असता ते मला पाठ आहे, कारण ते तुम्ही एकदा म्हणालाच होतात.

खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीतली शाळा, विज्ञान प्रदर्शन. मी पुठ्ठ्याच्या खोक्याला चंदेरी कागद लावून सूर्यचूल केली आहे आणि तिच्यात भात शिजतो आहे. इतरांचे वडील येऊन बघून जातात. तुमचा पत्ता नाही. तुमच्या कंट्रोल रूमचा रिवाज असा, की पुढच्या पाळीचा माणूस समोर येऊन तोंडानं ‘घेतलं’ म्हणेपर्यंत खुर्ची सोडायची नाही, आणि नेमकी त्या दिवशी त्याची एसटी बंद पडलेली. तुम्ही आलात तेव्हा ऊन कधीच उतरलं होतं. भात अर्धाकच्चा, गार. एक घास खाऊन तुम्ही म्हणालात, “सूर्य घरी गेल्यावर तुह्या भाताचं काय वं?” सगळे हसले. मी रागानं लाल झाले. तुम्ही मात्र तो दाताखाली लागणारा भात डबा रिकामा होईपर्यंत खाल्लात, आणि मला त्याचाही राग आला.

तिकडची आमची पहिली चाचणी फसली. पॅनेलच्या खोलीतल्यांना पडद्यावर बॅटरी तयार दिसली, म्हणून त्यांनी गावाची वीज सोडून हात काढला. बॅटरीकडचे त्यांच्या निरोपाची वाट बघत बसलेले. गाव काळोखात. तिथले अधिकारी अगदी सभ्यपणे म्हणाले, पुन्हा असं झालं तर डिझेलचे जनरेटर परत आणू, मग हा विषय संपला. बाकीचे यंत्रांत दोष शोधत बसले, मी तुमचा रिवाज लावला. त्यांच्या भाषेत ‘घेतलं’ असं कानांनी ऐकल्याशिवाय कोणी हात काढायचा नाही. दोन्ही खोल्यांतली पोरं हसली. हसू देत. सराव करकरून आता त्यांच्या अंगवळणी पडलंय. त्या गावाला मी डिझेलच्या धुरात परत जाऊ देणार नाही.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नेमकं याच आठवड्यात आलंय. मी तिला म्हटलं, चाचणीला दुसरं कोणी बसेल, मी नागपुरातच थांबते. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “डोळा माहा हाये, डॉक्टर पाहीन त्याले. तू काहून थांबून राहिली?” मग उठून तिनंच माझी बॅग भरायला घेतली. मला रडू आलं, आणि मीही साड्यांच्या घड्या घालायला लागले.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? एक मात्र कबूल करते. लोकांना सांगते तशी मी जगाचं भलं करायला या कामात आले नव्हते, तुम्हाला खोटं पाडायला आले होते. रात्री लखलखणारं एक गाव तुम्हाला हात धरून दाखवायचं होतं. आता खोटं पाडायला कोणी उरलं नाही, बाबा. तरी मी चालले आहे.