माडीवरच्या दोघांची चौकशी

विटा, मळ्यातून

तीर्थस्वरूप आप्पासो दाजी, मुक्काम सेलम, यांना नानासोचा वाकून नमस्कार. (गुडघ्याच्या ऑपरेशननंतर जेवढं वाकता येतं तेवढंच वाकलोय, बाकीचं मानून घ्या.) इकडे सगळे धडधाकट आहेत. तुमचा खोकला कसा आहे? सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या भट्टीपुढं तीस वर्षं बसलेल्या माणसाला मी काय सांगणार, पण अक्काबरोबर पाठवलेला ज्येष्ठमध तुम्ही स्वतः न चघळता कारागिरांना वाटता, ही खबर मला पोचलेली आहे. हे सगळं फोनवरच बोललो असतो, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून पत्र.

तुमची आज्ञा अशी होती, की राजेश्वरी डिझायनर म्हणून नेमकं काय करते ते मी आठ दिवस बघावं, त्यात काही दम नाही हे तिला मामाच्या नात्यानं समजवावं, नोकरी सोडायला लावावी आणि तुम्ही बघितलेल्या कराडच्या स्थळाला हो म्हणायला लावावं. आज्ञा घेतली. तिच्या पुण्याच्या कंपनीनं आमच्या पाणी संस्थेचं अ‍ॅप करायला घेतलंय, म्हणजे कुणाची पाळी कधी हे आता मोबाइलवर दिसणार. अकरा वर्षं हे काम मी आणि माझी वही करत होतो, त्यामुळं अ‍ॅप सपशेल पडावं अशी माझीही मनापासून इच्छा होती, हे तुमच्यापासून कशाला लपवू? त्या कामासाठी ती महिनाभर आमच्या माडीवर आहे आणि दिवसभर तिच्याबरोबर लोणंदचा जयराज. तो डेव्हलपर. (घाबरू नका. त्याचं लग्न झालंय, बायको समीक्षा तिकडे शाळेत शिकवते, आणि हा मुक्कामाला आमच्या शेजारच्या आकारामकडे असतो.) मला समजला तो फरक असा: माणसाला काय दिसावं आणि त्याचं बोट कुठं जावं हे ती ठरवते, आणि ते खरोखर चालावं याची तजवीज तो करतो.

मी खुर्ची टाकून पहाऱ्याला बसलो. पहिले दोन दिवस नुसती खडाजंगी. ती कागदावर चौकोन काढायची, तो म्हणायचा हे होणार नाही, ती म्हणायची का नाही, तो सांगायचा, ती मुकाट्यानं ऐकायची आणि दुसरा चौकोन काढायची. एक बटण तांदळाएवढं खाली घ्यायचं की नाही यावर अर्धा तास! मला तर वाटलं, आपलं काम परस्परच झालं, ही दोघं उद्या आपापल्या एस.टी.त बसणार. मी बायकोला कराडकरांसाठी चांगल्या कपबश्या काढून ठेवायलासुद्धा सांगितलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पाटाच्या खालच्या अंगाला रान असलेल्या बनुबाईला बोलावलं. (अक्षर येत नाही, पण तिच्या पाळीतली पाच मिनिटं कुणी चोरून दाखवावीत.) तिच्या हातात मोबाइल दिला आणि राजेश्वरीची ऑर्डर सुटली, की कुणीही बोलायचं नाही, मावशी कुठं अडतात ते फक्त बघायचं. बनुबाईचं बोट भलतीकडेच. जयराजचे हात इतके शिवशिवत होते, की शेवटी तो ते मांडीखाली दाबून बसला. मला मात्र राहवलं नाही. "बने, वरचं दाब की!" म्हणालो आणि भाचीनं मला खोलीबाहेर काढलं. माझ्याच माडीतून, दाजी! बनुबाई सतरा वेळा अडली आणि राजेश्वरीनं सतराही वेळा वहीत आपलीच चूक लिहिली. जवान चुकला की जवानाला झापायचं, एवढंच मला फौजेत ठाऊक होतं.

खरा तमाशा पाणी सुटल्यावर झाला. अ‍ॅप विचारायचं, "पाणी मिळाले का?" आणि खाली होय, नाही. बेचाळीस जणांनी दाबलं, नाही. पाट तुडुंब, बांध फुटायची वेळ आणि जयराजच्या लॅपटॉपवर सगळं गाव कोरडं ठणठणीत! बिचाऱ्यानं दोन दिवस कोड तपासला, जेवण सोडलं, आकारामच्या बायकोनं त्याची दृष्ट काढली. राजेश्वरी मात्र चपला हातात घेऊन पाटाच्या कडेनं शेवटच्या रानापर्यंत चालत गेली, बांधाबांधावर चहा प्याली आणि येऊन म्हणाली, कोडात काही चूक नाही, प्रश्नात आहे. तुम्हाला गाव सोडून तीस वर्षं झाली म्हणून आठवण देतो: पाणी पुरलं असं आपल्यात कुणी म्हणतं का? म्हटलं की पुढच्या पाळीत कापलंच. बनुबाई तर नडगीभर पाण्यात उभी राहून तिला सांगत होती, "आवं कशाचं पानी बाई, जीभसुदिक भिजली न्हाई." (मीही "नाही"च दाबलं होतं. यादीत माझं नाव दोघांनी वाचलं आणि काही बोलले नाहीत. संस्कार चांगले आहेत.)

मग तिनं तो प्रश्नच काढून टाकला. आता एकच बटण, "पुढच्याला पाणी सोडलं." पाणी कुणाकडं आहे ते पुढच्याला दिसतं, त्यामुळं बटण दाबलं नाही की तो बांधावर येऊन उभा. यात जयराजचं पुण्यापासून चाललेलं तीन आठवड्यांचं काम पाण्यात गेलं. "लय वंगाळ केलंस बघ," एवढं म्हणून तो आंघोळीला गेला. ओल्या डोक्यानं तसाच परत आला आणि म्हणाला, "तुझं बराबर हाय. पन पुढचा कोन त्ये बनुबाईनं का हुडकायचं? मी आपोआप आणतो. फोटूसकट." राजेश्वरी टाळी वाजवून उठलीच; न वाचणाऱ्या बाईसाठी तिला तेच हवं होतं आणि सुचत नव्हतं. तोफखान्यात पुढं टेकडीवर बसून निशाण सांगणारा आणि मागं तोफ डागणारा वायरलेसवर एकमेकांचा उद्धार करत असतात, पण एकावाचून दुसऱ्याचा गोळा फुकट. (मी मागचा होतो.)

परवाची पाळी एकाही भांडणाशिवाय पार पडली. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी पाळी बदलायची शिट्टी गळ्यात घालून नुसता बसून होतो. वाईट वाटायला हवं होतं, पण ऊर भरून आला. दाजी, ही पोर माणसाच्या मनातलं ओळखते आणि तो पोरगा ते खरं करून दाखवतो. असलं काम सोड असं मी तिला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

आपला आज्ञेबाहेर गेलेला मेहुणा,
सुभेदार (निवृत्त) नानासो

ता. क. कराडची मंडळी गुरुवारी येऊन गेली. मुलगा सज्जन आहे, खाली मान घालून पोहे खाल्ले. त्याचे वडील म्हणाले, आमच्यात खायला काही कमी नाही, लग्नानंतर नोकरी बंद. मी तुमच्या वतीनं नकार दिला.

ता. क. दुसरा. "तुमच्या वतीनं" याचा खुलासा राहिला. राजेश्वरी आतून ऐकत होती. मंडळी गेल्यावर तिनं विचारलं, "मामा, पप्पा खरंच नको म्हणालं?" मी म्हणालो, व्हय, पोरीचं काम बंद करणारं घर आपल्याला नको म्हणाले. त्यावर ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून इतकी रडली, की मलाही आवरेना. तेव्हापासून दर जेवणाला तुमचं कौतुक चाललंय. रविवारी ती तुमचे आभार मानायला फोन करणार आहे, म्हणून हे पत्र स्पीड पोस्टानं धाडतोय. मला काय शिव्या घालायच्या त्या सोमवारी घाला. रविवारी तेवढं, आपण असं म्हणालोच नव्हतो, हे तिला सांगू नका.