डॅशबोर्डवरची कडी

गंधार,

मी पहिल्या एसटीनं बुलढाण्याले दवाखान्यात सईदपाशी चालली. तू उठला की जीप धू. फसलेली गाडी ओढायच्या दोन्ही पट्ट्यांचा चिखल साध्या पाण्यानं काढ, साबण लावू नको, सावलीत वाळव. फाटला तोही धू.

दोन पट्टे जोडतानी एकमेकांत ओवायचे, मधात लाकूड घालायचं, लोखंडी कडी लावायची नाही, हे जीप घेतली तवापासून सांगून राह्यली. काल नाल्यात गाडी ओढतानी तुले घाई होती, तू कडीच लावली. पट्टा शिलाईतून फाटला अन् कडी गोळीवानी सुटून सईदच्या जबड्यावर बसली. शाळेपासूनच्या दोस्ताले समोर उभं तूच केलं होतं, तुह्या व्हिडिओसाठी.

ती कडी मी पुसली नाही. डॅशबोर्डवर ठेवली आहे, तिथंच राहू दे. गाडी चालवतानी तुले दिसली पाहिजे.

ओट्यावरचा डबा बिस्मिल्लाचाचीनं आपल्या पोरासाठी, सईदसाठी आणला होता. त्याचा जबडा तारेनं बांधला आहे, म्हणून तिनं तो माह्या हाती तुले पाठवला. गंधार घाबरला असन, उपाशी असन म्हणे. सगळा खा. मंग रिकामा डबा घेऊन दवाखान्यात ये, अन् कडी कोणी लावली ते तिले तुह्या तोंडानं सांग. तिले वाटते गोटा उडाला.

काल मी निघतानी सईदनं कागदावर लिहून विचारलं, गंधारले लागलं तं नाही ना. मी म्हटलं, नाही, घरी झोपला असन.

घरी आली तं तू खरंच झोपला होता.

चारूताई