तालमीतला शिवणवर्ग

मलकापूर, ता. शाहूवाडी
१२ फेब्रुवारी १९८०

चि. मालन हिस,

रोशनभाभीचे आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत, तूही इचलकरंजीत बरी असशील. तुझा पत्ता तुझ्या मामांकडून मिळवला. त्यांच्यावर रागावू नकोस, मीच मागे लागले.

मला चष्मा लागला. सुईत दोरा ओवायला पोरींना हाक मारावी लागते. आपला शिवणवर्ग अजून तालमीच्या मागच्या खोलीतच भरतो. पुढं पोरं शड्डू ठोकतात, मागं आमची मशिनं चालतात. सध्या अठरा पोरी आहेत, सगळ्या चौथी-पाचवीत शाळा सुटलेल्या. कुणाला धाकटी भावंडं सांभाळायला घरी बसवलं, कुणाच्या वाडीवरून शाळा लांब. तुझ्या वेळी होत्या तशाच.

आता कामाचं. तालमीचे अध्यक्ष हंबीरराव तुला आठवत असतील. वर्गाला मदत मिळावी म्हणून ते इतकी वर्षं जिल्ह्याच्या हापिसात खेटे घालत होते. यंदा शाळा सोडलेल्या मुलींच्या वर्गांना सरकारी अनुदान निघालं आणि यादीत आपलं नाव आलं. नवी मशिनं, कापड, शिक्षिकेला पगार, आणि मुख्य म्हणजे पोरींना दरमहा विद्यावेतन. ते मिळालं तर आईबाप पोरींना मधूनच कामाला ओढणार नाहीत, हे तुला सांगायला नको.

तपासणीला साहेब आले. भला माणूस. पोरींनी शिवलेली झबली, परकर सगळं उलटून शिलाई बघितली. मग मला विचारलं, "बाई, तुमचं शिक्षण?"

मी म्हटलं, "चौथी."

"शिवणाचं प्रमाणपत्र?"

"साहेब, सासऱ्यांनी शिकवलं. त्यांनी कागद दिला नाही."

ते हसले नाहीत. म्हणाले, "नियमाला प्रमाणपत्र असलेली शिक्षिका लागते. एकतीस मार्चच्या आत तिचा अर्ज माझ्या टेबलावर आला पाहिजे. नाहीतर अनुदान दुसऱ्या गावाला जाईल. माझ्या हातात काही नाही."

म्हणजे शाळा सोडलेल्या पोरींचा वर्ग, आणि त्यात शाळा सोडलेली मीच अडचण.

साहेब गेल्यावर हंबीरराव म्हणाले, "भाभी, तुमच्या हाताखालनं एवढ्या पोरी गेल्या. एकीकडं तरी आय.टी.आय.चा कागद असंल की!"

एकीकडंच आहे. तुझ्याकडं.

अर्ज सोबत जोडलाय. तू ये. शिक्षिका तू, मी तुझ्या हाताखाली काजं करीन, बटणं लावीन. मला त्यात कमीपणा नाही.

तुला तो कागद एक वर्ष उशिरा मिळाला. त्याबद्दल मी तेव्हा काही बोलले नाही, आता तो विषय काढत नाही. विचार करून लवकर कळव.

तुझी,
रोशनभाभी


मलकापूर
३ मार्च १९८०

चि. मालन हिस, आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सही केलेला अर्ज पोचला. हंबीरराव पेढे आणायला निघाले होते, मी थांबवलं. का ते त्यांना सांगितलं नाही.

तू लिहिलंस, 'मलकापुरातच खोली बघा. वाडीत मी पाऊल टाकणार नाही आणि वहिनीचं नाव माझ्यापुढं काढू नका. तिनं माझं आय.टी.आय.चं बोलावणं चुलीत घातलं तेव्हा तुम्ही एकट्या माझ्या बाजूनं होता.'

हे मी चारदा वाचलं.

तुझी वहिनी बयाबाई परवा वर्गात आली होती. मी बोलावली नव्हती. छबूला घेऊन आली. तुझी भाची आता तेरा वर्षांची आहे. दोन वर्षांमागं तुझा भाऊ ज्ञानू गेला, तेव्हाच तिची शाळा सुटली. बयाबाई उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, "भाभी, हिला शिकवा. हिच्या आत्तीला शिकवलासा तशी."

मी म्हटलं, "मालनच येणार आहे शिकवायला."

तिनं छबूला पुढं केलं. मग म्हणाली, "मग हिला घ्याल न्हवं? का माझी लेक म्हणून न्हाय घ्यायची?" छबू बाजूला गेल्यावर आवाज खाली आणून म्हणाली, "भाभी, त्या कागदाचं मला खरंच ध्यानात न्हाय. पर मला वाचाय कुठं येतंय? दिसंल त्यो कागद चुलीत जायाचा. माझ्याच हातनं गेला असंल."

मालन, तिच्या हातनं गेला नाही. माझ्या हातनं गेला.

तेव्हा वाडीचं टपाल पोस्टमन वर्गातच टाकून जायचा. तुम्ही वाडीच्या पोरी संध्याकाळी घरी नेत होता. त्र्याहत्तरच्या जुलैत आय.टी.आय.चं बोलावणं आलं, मुलाखत आठ दिवसांवर. त्याच महिन्यात अनुदानासाठी आपल्या वर्गाची पहिली तपासणी होती. साहेबांपुढं ठेवावं असं काम फक्त तुझं होतं. तू गेलीस तर दाखवायचं काय? मी मनाशी म्हटलं, तपासणी होऊ दे, मग देते. कागद मशिनीच्या खणात ठेवला. तपासणी पुढं ढकलली गेली आणि तुझी तारीख टळून गेली. मग द्यायचं तोंड राहिलं नाही. तो कागद मीच जाळला. अनुदान त्या साली मिळालंच नाही.

तू वाट बघून कोल्हापूरला गेलीस. बोलावणं पाठवलं होतं असं तिथं कळलं. दुसऱ्या कुणा पोरीनं ते घरी दिलं आणि वहिनीनं चुलीत घातलं असं धरून तिच्याशी भांडलीस, घर सोडलंस. मामांकडं जायच्या आधी माझ्या घरी जेवलीस. मी तुला वाढत होते आणि म्हणत होते, जाऊ दे, ती अडाणी आहे. हे मी म्हणत होते. पुढं ज्ञानूच्या तिसऱ्याला तू आलीस आणि वहिनीशी एक शब्द न बोलता गेलीस. मी तिथंच बायकांत बसले होते. तेव्हाही गप्प राहिले.

काल वाडीला जाऊन बयाबाईला सगळं सांगितलं. ती सोप्यात तांदूळ निवडत होती. माझं बोलणं संपेपर्यंत तिचे हात थांबले नाहीत. मला वाटलं होतं, शिव्या देईल. ती म्हणाली, "ह्यांनी जायच्या आधी दोन दिस मला जवळ बोलीवलं. म्हनले, बये, खरं सांग, मालनचा कागद तूच जाळलास का? मी म्हनलं, व्हय, जाळला असंल. त्येच्यावर ते माझ्यासंगं बोललंच न्हाईत. आता त्यास्नी कोन सांगनार, भाभी?"

मी उठले. ती सूप बाजूला ठेवून म्हणाली, "पोरगी येईल उद्या. तिनं काय केलंय?"

छबू आज आली. सरळ शिलाई मारायला बसवली.

अर्ज परत पाठवतेय. तू सही केलीस ती माझ्यावर भरवसा ठेवून. हे सगळं कळल्यावरही यायचं असेल तर थेट साहेबांच्या हापिसात पाठव, पत्ता अर्जावरच आहे. नसेल तर फाडून टाक. अठरा पोरींकडं बघून ये, असं मी लिहिणार नाही. तसं लिहायचा अधिकार मी घालवलाय.

वाडीला मात्र जा.

वरचं सगळं माझ्या हातचं आणि खरं आहे. हे पत्र कुणालाही दाखव.

रोशनबी मीरासाब शिकलगार


मलकापूर
२२ एप्रिल १९८०

मालन,

आशीर्वाद लिहायला हात धजला नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलंय.

एकतीस मार्च गेला. तुझा अर्ज हापिसात पोचला नाही, हंबीरराव चौकशी करून आले. त्यांना मी सगळं सांगितलं. ते ओरडलेच. "अहो भाभी, आधी अनुदान पदरात पडू द्यायचं, मग सांगायचं हुतं की! त्या पोरींचं काय आता?" त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. अनुदान दुसऱ्या गावाला गेलं. तिथल्या पोरींचं तरी भलं होवो.

विद्यावेतन मिळेल म्हणून ज्यांना घरच्यांनी धाडलं होतं, त्या यायच्या बंद झाल्या. शमशादचं लग्न ठरलं, तिला पंधरावं लागलंय. आता सात जणी राहिल्यात. खोली हंबीररावांनी काढून घेतली नाही. आमच्याशी पहिल्यासारखं बोलत नाहीत, पण किल्ली रोज पाठवतात.

तू वाडीला येऊन गेलीस ते छबूनं सांगितलं. पहिल्या दिवशी तू आणि वहिनी दोघी नुसत्या बसून होता म्हणे. दुसऱ्या दिवशी तू तिचं माप घेऊन चोळी बेतलीस आणि शिवायचं काम छबूवर सोपवून गेलीस. ते कापड घेऊन छबू गेल्या आठवड्यात वर्गात आली. बाहीच्या मुंढ्याचा आकार बघितल्याबरोबर मी ओळखलं, हा बेत मालनचा. मी त्याला हात लावला नाही. छबूला म्हटलं, तुझी तू शीव. दोनदा उसवून तिसऱ्यांदा बाही नीट बसली. काल वहिनीनं ती घातली होती.

जाताना तू मला भेटली नाहीस. बरोबर केलंस.

हे पत्र लिहिताना शेवटी, 'उत्तराची वाट बघत नाही,' असं लिहिणार होते. ते खोटं झालं असतं.

रोशनबी