राज्याला एक छदाम देणार नाही

२ एप्रिल
यंदा टॅक्सचा फॉर्म मी स्वतः भरणार. सॉफ्टवेअर विकत आणलं. अलाबामातल्या पोरांना एकतीस वर्षं गणित शिकवलंय, हे काय अवघड आहे? बायको ओलिटा म्हणते, लायब्ररीत फुकट भरून देतात. पण तिथे डार्लीन टिडमोर बसते. माझ्याकडे दोनदा नापास. प्रश्न न वाचता उत्तर लिहायची. मी तिला वर्गात उभं करून प्रश्न मोठ्याने वाचायला लावायचो. आता तिच्यापुढे मी कागद घेऊन बसू? मेलो तरी नाही.

५ एप्रिल
सॉफ्टवेअर भोचक आहे. शेत आहे का, घर विकलं का, अंध आहात का! पेन्शनचा कागद भरला तर आणखी चौकशा. 'पुढे जा' दाबत सुटलो. चाळीस मिनिटांत काम फत्ते.

६ एप्रिल
राज्याचा टॅक्स म्हणे चौदाशे बारा डॉलर! आमच्याकडे शिक्षकाच्या पेन्शनवर राज्याचा टॅक्स नाही, शेंबडं पोरही सांगेल. राज्य चोर, सॉफ्टवेअर त्याचं भावंड. ओलिटा म्हणाली, ते पैसे पोर्चच्या छपराचे आहेत, तुमचंच काही भरायचं राहिलं असेल. माझं? नाचता येईना अंगण वाकडं, म्हणाली. जेवलो नाही. ओलिटाने भाजलेला, पिकानचे दाणे घातलेला गोड 'पाय' तेवढा खाल्ला.

९ एप्रिल, सकाळी १०.२०
हेल्पलाइन. पन्नास मिनिटं बँजो ऐकवला. मग एक मुलगी म्हणाली, आजोबा, पेन्शन कुठली ते विचारलं होतं, काय निवडलंत? आजोबा? फोन आपटला. असा प्रश्न आलाच नाही. आला असता तर मी वाचला नसता का?

१२ एप्रिल
गव्हर्नरला तीन पानी पत्र लिहिलं. जळजळीत. ओलिटाने विचारलं, पत्राने छप्पर गळायचं थांबतं का. पोर्चवर बादली ठेवली आहे. मुद्दाम माझ्या खुर्चीच्या जागी.

१५ एप्रिल
शेवटचा दिवस. ओलिटाने गाडीत घालून लायब्ररीत नेलं. मी गेलो ते फक्त सॉफ्टवेअरची चूक दाखवायला.
डार्लीनने माझा लॅपटॉप चाळला आणि माझ्याकडे फिरवला. म्हणाली, सर, उभे राहा आणि हा प्रश्न मोठ्याने वाचा. मागे रांगेत अर्धं गाव. वाचला. 'ही पेन्शन कुठली आहे?' खाली दुसऱ्या क्रमांकावरच पर्याय होता, राज्याची शिक्षक पेन्शन. तिने तो निवडला. चौदाशे बाराचं शून्य झालं. ओलिटा सगळ्यांत मोठ्याने हसली.
घरी आल्यावर तिने विचारलं, कॅटफिश तळू, की सकाळचंच गरम करू. प्रश्न पुरा होईपर्यंत मी तोंड उघडलं नाही.