एका पायावर एकवीस सेकंद

३ मार्च
पडले नाही. आधी हे लिहून ठेवते, कारण लेक आणि जावई जगभर 'आई पडली' असं सांगत सुटलेत. बाथरूमची फरशी ओली होती, तिनं मला पाडलं. पडणं वेगळं, पाडलं जाणं वेगळं. चौतीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवलेल्या बाईला हे कुणी शिकवू नये.
लेकीचं फर्मान निघालं. म्हाताऱ्या बायकांच्या बॅलन्सच्या क्लासला जा. दीड महिन्यानं टेस्ट. दहा सेकंद एका पायावर उभी राहिलीस तर तिसऱ्या मजल्यावर खुशाल एकटी राहा, नाहीतर बॅग भर आणि आमच्याकडे ये. घर माझं, पाय माझे, अटी हिच्या!
जाणार. पण शिकायला नाही. इन्स्पेक्शनला.

६ मार्च
दवाखान्याच्या वरचा हॉल. अकरा बायका, अकरा खुर्च्या. शिकवणारी फिजिओ माझ्या नातीएवढी. शिट्टी नाही, रांग नाही, शिस्त तर नाहीच. म्हणाली, आजी, खुर्चीला धरा. सांगितलं, मला बाई म्हणायचं. तर म्हणते, बरं बाई, खुर्चीला धरा.
तीन सेकंद. खुर्ची हलत होती.

९ मार्च
क्लासमध्ये माझ्या शेजारी एक चौऱ्याऐंशी वर्षांची बाई असते. नाव विचारलेलं नाही, मी तिला चौऱ्याऐंशीच म्हणते. एका पायावर बावीस सेकंद, आणि वर सुनेच्या तक्रारी चालू! अंगात वजनच नाही, पडणार काय, कप्पाळ?
संकल्प: रोज दात घासताना एका पायावर. महिन्यात एक मिनिट.

१० मार्च, सकाळी ७
दात घासले. दोन्ही पायांवर. नळ गळत होता. कुठं कुठं लक्ष देणार?

१७ मार्च
जमिनीवर पट्टी चिकटवून तिच्यावर टाचेला चवडा लावत चालायला लावलं. पट्टी वाकडी होती. तसं तोंडावर सांगितलं. फिजिओनं दोरी ताणून दाखवली. सरळ निघाली. दोरीचं काय, ताणली की कुणीही सरळ होतं.

२५ मार्च
क्लासला दांडी. घरीच सराव करणार होते. पाय उचलला तोच बेल वाजली. कुणी नव्हतं. बहुतेक शेजारची वाजली. या बिल्डिंगमध्ये कुणी सुखानं व्यायाम करू देईल तर शपथ!

८ एप्रिल
एकवीस सेकंद!! खुर्चीशिवाय! फिजिओ हॉलच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून मोजले मीच. सगळ्या टाळ्या वाजवत होत्या. एकटी चौऱ्याऐंशी तोंड वेडंवाकडं करून उभी. जळते मेली.
टेस्ट झाली की क्लास मीच ताब्यात घेणार. आधी शिट्टी आणायची.

२० एप्रिल
टेस्ट. खुर्च्या भिंतीला लावल्या. एकेकीला हॉलच्या मधोमध उभं केलं, आजूबाजूला कुणी नाही. माझे चार सेकंद.
तमाशा केला. म्हटलं, तुमचं घड्याळ बिघडलंय, आठ तारखेला साऱ्या क्लासनं एकवीस पाहिलेत. एकीनं त्या दिवशी मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. फिजिओ नको नको म्हणत होती. मीच म्हटलं, लावा, होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष.
लावला. माझा एक पाय वर. मान ताठ. आणि उजवा हात चौऱ्याऐंशीच्या खांद्यात रुतलेला. ती बिचारी एका बाजूला कलली आहे, दात आवळून. माझं आपलं चाललंय: अठरा, एकोणीस, वीस...
आईशपथ, हात मला ठाऊकच नव्हता.
तिच्यावर ओरडले, तेव्हाच का नाही बोललात? म्हणाली, तुम्ही इतक्या खूश होतात. म्हणते, मला वाटलं, माझे पाय टिकतायत तोवर दोघी उभ्या राहू.
मला एवढा राग आला की जिना उतरताना कठडा सोडला नाही.

२१ एप्रिल, दुपारी ४
लेकीला फोन केला. निकाल सांगितला नाही. सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमच्या बाथरूममध्ये धरायला दांडा वगैरे आहे का. म्हणाली, आहे ना आई, दोन वर्षांपूर्वीच बसवून घेतलाय.
दोन वर्षांपूर्वी! म्हणजे मी चांगली धडधाकट होते तेव्हा! फोन आपटला.
पाच मिनिटांनी परत लावला. डाव्या बाजूला आहे की उजव्या, ते विचारायचं राहिलं होतं.