कळमन्याची खोली आणि फाइलचा प्रकार

सोम., २ फेब्रु.
कळमन्याच्या शीतगृहातील चार नंबरची खोली काल दिवसभर बारा अंशांवर चालली. मिरचीला सहा हवेत. चालवली आमच्याच सॉफ्टवेअरने. खोली जवळजवळ रिकामी होती म्हणून नुकसान टळले. आमच्या हुशारीने नव्हे.

कारण सापडले. तेथील व्यवस्थापक वानखेडे यांनी तीन नंबरची सेटिंग मोबाइलवर मेसेज म्हणून घेतली आणि तिथून उचलून फाइलमध्ये चारच्या खाली चिकटवली. वाटेत प्रत्येक ओळीच्या आरंभीची रिकामी जागा गळाली. फाइल यॅमल नावाच्या प्रकारात आहे; कोणती ओळ कोणत्या खोलीची, हे त्यात ती रिकामी जागाच ठरवते. ओळी सुट्या पडल्या, खोलीला काहीच मिळाले नाही, प्रोग्रामने मूळचे बारा अंश धरले. निमूटपणे.

"मॅडम, मी त् जसंच्या तसंच टाकलं. तुम्हीच पाहून घ्या." पाहिले. नुसत्या डोळ्यांना ते बरोबरच वाटते. असा प्रकार मला नको. नवा मी निवडणार.

मंगळ., ३
माझा भागीदार नितीन शीतगृहाच्या शेठकडे जाऊन आला. "सोळा तारखेपासून भिवापूरचा माल भरणार हायेत. तेव्हा पुन्हा असं झालं, त् सॉफ्टवेअर काढून फेकतो म्हणते." आमचे हे पहिले शीतगृह. आणखी दोघे शीतगृहवाले याच शेठच्या शब्दावर थांबले आहेत.

नि.चा उपाय: फाइल लपवा, स्क्रीनवर चार बटणे द्या. "फाइल काहून दाखवतं वं लोकायले?" कारण रात्रपाळीला खोलीची पूर्ण सेटिंग एका नजरेत दिसली पाहिजे. शिवाय बटणांना महिना लागेल, हे त्यालाही मान्य. निर्णय माझ्याकडे.

शुक्र., ६
नवा प्रकार निवडला: जेसॉन. प्रत्येक कंस मिटलेला, रिकाम्या जागेला शून्य किंमत, एक स्वल्पविराम चुकला तरी फाइल नाकारली जाते. नाकारणाऱ्या गोष्टी मला आवडतात. चारही खोल्यांचे रूपांतर पूर्ण. आकडे दोनदा ताडले.

नि.: "तू मिरची ठेवून राहिली का पुन्हा पीएच.डी. करून राहिली?"

सोम., ९
जेसॉन रद्द. मीच केले.

जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून पाहिली. आकडे तेच. पण # या खुणेपुढची वाक्ये सगळी गेली. वानखेडे आणि पाळीवाले तिथे आपापसांत निरोप ठेवतात. 'दाराचं रबर ढिलं, म्हणून पाच ठेवलं.' 'हा पंखा दुपारी नको.' शुद्धलेखन असह्य. मी ते कचरा समजत आले. जेसॉनमध्ये अशा टिपांना जागाच नाही, आणि टीप नसली की तो पाच चूक वाटतो. मी स्वतः त्याचा सहा करायच्या बेतात होते.

जुन्या पद्धतीची साधी 'नाव बरोबर किंमत' फाइल? तिथे सगळेच अक्षर. आकड्याच्या जागी 'थंड' लिहिले तरी खपते. नाही.

मग टॉमल हा प्रकार. चौकोनी कंसात खोलीचे नाव, एका ओळीत एक सेटिंग, टिपांना मुभा, आकड्याच्या जागी आकडाच. मोकळी जागा गळाली तरी अर्थ ढळत नाही. मेसेजमधून स्वतः नेऊन-आणून पाहिले. हेच.

गुरु., १२
नि.शी खडाजंगी. प्रकारावरून नाही, फाइल चुकली तर पुढे काय, यावरून. मी लिहिले होते: चुकीची फाइल, तर प्रोग्राम बंद.

"म्हंजे एका ओळीपायी पुरं शीतगृह बंद? मिरची सडली तरी चालते, पण बाईची फाइल शुद्ध पाहिजे."

टोमणा हीन, मुद्दा बरोबर. तेवढेच सांगितले. आता चूक आढळली की खोली शेवटच्या बरोबर सेटिंगवर चालत राहील आणि दुरुस्ती होईपर्यंत भोंगा वाजेल. कुठली ओळ, काय चुकले, हे मराठीत स्क्रीनवर. त्याला भोंगाही नको होता. भोंगा राहील. सवलत मिरचीला आहे, फाइलला नाही.

सोम., १६
सकाळपासून ट्रक लागले आहेत. मी धरमपेठेत, ऑफिसात. चारही खोल्या समोर पडद्यावर.

वानखेड्यांनी दोन नंबरचे तापमान सहावरून पाचवर आणले. पाच लिहिला मराठी अंकात. टॉमलला तो चालत नाही. फाइल नाकारली गेली, खोली सहावरच राहिली, भोंगा सुरू. म्हणजे सगळे मी ठरवले तसेच. त्यांच्या स्क्रीनवर: 'खोली दोन, तापमानाची ओळ. आकडा इंग्रजी अंकात लिहा.'

फोन. "मॅडम, हे काहून बोंबलून राहिलं? पाच म्हंजे पाचच नं."
स्क्रीनवर काय आहे ते वाचा, म्हटले.
"शेठ इथंच उभे हायेत जी."
त्यांच्यासमोरच वाचा. फोन ठेवला.

नि. खुर्चीमागे. "टाक नं वं तो आकडा इथूनच. शेठ चिडला त् गेलो आपण." मला टाकता येतो. दोन्ही अंक चालतील असा प्रोग्रामही करता येईल. उद्या बहुधा करीनही. पण आज मी दुरुस्त केले, तर ती फाइल कायम माझीच राहील आणि पुढच्या प्रत्येक चुकीला इथेच फोन येईल. कीबोर्ड बाजूला सारला, ही वही ओढली.

नि. हातात मोबाइल घेऊन उभा. शेठचा नंबर काढून ठेवला आहे, लावलेला नाही.

वानखेड्यांनी फाइल उघडली. पडद्यावर दिसते आहे. बदल अजून नाही. भोंगा चालू.