डाव्या चाकाचे उलटे आटे

ता. २ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस,
आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

इकडे आम्ही सगळी बरी आहोत. तुझ्या आईचा खोकला गेला, माझे गुडघे आहेत तिथेच आहेत. पत्र वाचताना हसू नकोस. माझी शाळा तिसरीत सुटली आणि अक्षर तेव्हापासून वाढलेलं नाही.

आता मुद्द्याचं. तुझ्या बापाने जीप विकायची ठरवली आहे. भंगारवाला अठ्ठावीस तारखेला येणार. मी त्याला विचारलं, गाडी माझ्या नवऱ्याची, कागदावर नाव माझं, चालवायचा परवाना माझा, मग विकणारा तू कोण? तर म्हणे आई, तिला ब्रेक नाहीत, तिने मला भिंतीत घातलं. घातलं हे खरं. दोन वर्षांमागे फाटकाच्या उतारावर ब्रेक लागलाच नाही, कुंपणाची भिंत पडली आणि याच्या कपाळाला तीन टाके. तेव्हापासून जीप शेडमध्ये, आणि हा तिच्या जवळून जाताना कुत्रं चावलेल्या माणसासारखा लांबून जातो.

पण मला धाकटीकडे जायचं आहे गं. तुझी मावशीआजी वर डोंगरावर एकटी. गेल्या वर्षी तिचा नवरा गेला तेव्हाही मला जाता आलं नाही, शेजारणी तिच्याजवळ बसल्या आणि सख्खी बहीण इथे. सहा महिन्यांपूर्वी ती पडली. दूधवाला सांगतो की पाय नीट बसला नाही, काठी टेकत अंगणापर्यंत येते, बस. एसटी खालच्या फाट्यापर्यंतच. पुढे नुसते दगडधोंडे, तिथे जीपशिवाय काही चढत नाही आणि मी तर नाहीच नाही. जीप गेली की आम्हा दोघींची भेट संपली.

म्हणून तुझ्या बापाशी ठरवून घेतलं. अठ्ठाविसाव्या तारखेला तो माझ्या शेजारी बसणार, मी उतारावरून गाडी सोडणार आणि फाटकाच्या आत थांबवणार. थांबली तर भंगारवाला रिकाम्या हाताने परत. तो लगेच हो म्हणाला. त्याला वाटलं, म्हातारी काय करतेय!

बाजारातल्या मिस्त्रीला बोलावलं होतं. आला, बघितलं, चहा प्यायला आणि म्हणाला की आजी, हिच्यात आता कोंबड्या पाळा. दुरुस्तीला महिना लागेल आणि तोही पुढच्या महिन्यापासून.

तर तू मला शिकव. दोन वर्षं वर्कशॉपमध्ये हात काळे करते आहेस, ते घरच्या कामाला कधी येणार? चित्रं मोठी काढ. तुझ्या आजोबांची हत्यारांची पेटी उघडली, सगळे पाने पुसून लहानापासून मोठ्यापर्यंत लावून ठेवले आहेत. पुसताना इतकी गाणी म्हटली की तुझ्या आईने दोनदा येऊन कपाळाला हात लावून बघितला.

माया आहेच, ती तुझ्याकडूनही यावी.
तुझी आजी

ता. ६ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत आमच्या वर्कशॉपच्या मोठ्या मिस्त्रीकाकांना वाचून दाखवलं. कोंबड्यांपाशी ते इतके हसले की ठसका लागला. मग चष्मा पुसून म्हणाले की शिकवायचं तर नीट शिकव, ब्रेक म्हणजे खेळ नाही. म्हणून नीट ऐक.

चाकांना पुढून-मागून दगड लाव. गाडी जॅकवर उचललीस की खाली जाड लाकडी ठोकळा घाल. नुसत्या जॅकच्या भरवशावर हातसुद्धा आत घालायचा नाही, शपथ आहे तुला. प्रत्येक चाकाची आतली बाजू बघ. जिथे ओलं दिसेल तिथून ब्रेकचं तेल गळतंय. त्या चाकाच्या आत हाताच्या अंगठ्याएवढं नळकांडं असतं, त्यातल्या दोन रबरी टोप्या फाटल्या असणार. टोप्या आणि ब्रेकच्या तेलाचा डबा पार्सलने पाठवते आहे. घरातलं दुसरं कुठलंही तेल त्यात घालायचं नाही.

चाकाचे पाच नट गाडी जमिनीवर असतानाच सैल कर. पाना घड्याळाच्या काट्यांच्या उलट ओढायचा. चित्र सोबत आहे. बाबांना चिडवू नकोस, ते खरंच घाबरलेत.

लोभ आहे तो तसाच राहू दे.
तुझी भिंगरी

ता. ११ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पार्सल आलं. चित्रं बघून तुझ्या आईने विचारलं की ही कढई कुणाची? तर तो चाकाचा ड्रम निघाला. पण कळलं हो सगळं.

आधी उजवं पुढचं चाक खोललं, सवय व्हावी म्हणून. नट बरणीच्या झाकणासारखे सुटले. मला तर हसूच आवरेना, सत्तर वर्षं हे काम पुरुषांना का करू दिलं कोण जाणे. आत सगळं कोरडं ठणठणीत. ते दोन अर्धगोल तुकडे, चित्रात तू ज्याला शू लिहिलंस ते, फारच सुकलेले दिसले म्हणून त्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवला आणि चाक बंद केलं.

मग डावं पुढचं. आतली बाजू ओलीचिंब. चोर सापडला म्हणून मी टाळी वाजवली, आणि तिथेच घोडं अडलं. एक नट हलेल तर शपथ. मी ओढलं, तुझ्या आईने ओढलं, दोघींनी मिळून ओढलं. पान्याला लांब पाइप लावला. शेवटी पिठाच्या गिरणीतल्या हत्तीला बोलावलं, तोच, दोन पोती एकदम उचलणारा. तो पाइपवर उभाच राहिला. कट्ट आवाज झाला आणि नटासकट बोल्टचं टोक माझ्या पायाशी. हत्ती बिचारा ओशाळला. म्हणाला, आजी, बोल्टच नाजूक होता.

तुझा बाप रविवारी घरी होता. त्याने तुटका बोल्ट बघितला. टोमणा मारला असता तर मी भांडले असते. चहा घेतला आणि भंगारवाल्याला निरोप पाठवला की अठ्ठावीसला सकाळी नऊला नक्की ये. रात्री मला जेवण गेलं नाही, खरं सांगते. धाकटीला दूधवाल्याकरवी कळवून बसले होते की येते म्हणून.

आज उरलेले चार बोल्ट रॉकेलने पुसून काढले. प्रत्येकाच्या टोकावर एक खूण कोरलेली आहे. एक उभी काठी आणि तिच्या पायाशी उजवीकडे एक आडवी. उजव्या चाकाला जाऊन बघितलं, तिथे अशी खूण नाही. कारखान्याचं चिन्ह असेल का? की देवाने मला काही सांगायला काढलंय? कळव, आणि लवकर कळव.

म्हातारीवर जीव आहे तो असू दे.
तुझी आजी

ता. १५ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

आजी, चूक माझी. तुझी नाही आणि हत्तीची तर नाहीच.

ती खूण म्हणजे इंग्रजीतलं डाव्याचं पहिलं अक्षर. या जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात, चालताना नट आपोआप सुटू नयेत म्हणून. तिथे पाना घड्याळाच्या काट्यांसारखा फिरवला की नट सैल होतो. तुम्ही सगळे मिळून ते जीव तोडून घट्ट करत होतात. आम्हाला इतकी सवय झालीय की सांगायचं सुचलंच नाही. मिस्त्रीकाकांनी तुझं पत्र ऐकून माझ्याकडे असं बघितलं की मी दिवसभर मान वर केली नाही. वर म्हणाले, शिकवणारीने चाक कुठलं ते विचारलं नाही, शिकणारीने बोल्ट पुसून बघितला.

उलट्या आट्यांचा बोल्ट बाजारात मिळत नाही. काकांनी भंगाराच्या पेटीत अर्धा तास उकरून एक काढून दिला, सोबत आहे. ड्रम लोहाराकडे नेऊन तो ठोकून बसवून घे.

आणि शूला तेल?? आजी गं! ब्रेक कोरडे असतात म्हणूनच लागतात. उजवं चाक पुन्हा खोल, शू पेट्रोलने धू, पॉलिश पेपरने घास. काळा डाग उरला तर गाडी हलवू नकोस, मी नवीन पाठवते.

सगळं जोडल्यावर ब्रेकच्या नळीतली हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात, कसं ते चित्राच्या मागे लिहिलंय.

रागावली नसशील तर तसं कळव.
तुझी भिंगरी

ता. २८ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस,
खूप खूप आशीर्वाद. वि. वि.

रागावते कशाला? पाना उलटा फिरवला आणि चारही नट एका हाताने सुटले. मी तिथेच जमिनीवर फतकल मारून हसत बसले. हत्तीला बोलावून दाखवलं. तो म्हणाला की एवढं अक्षर त्यालाही वाचता येतं, पण पाइपवर उभं राहिल्यावर खाली कोण बघतो?

रबरी टोप्या बदलल्या, बोल्ट बसला, शू घासून डाग गेला. मग हवा काढायची. तुझी आई ब्रेकवर पाय दाबून धरणार, मी चाकामागची तोटी उघडणार, बुडबुडे बाटलीत येणार, मी तोटी बंद केली की मगच तिने पाय उचलायचा. अठ्ठावीस वर्षांत सुनेने मी सांगितल्याबरोबर केलेलं हे पहिलंच काम, असं मी तिला म्हटलं. तर ती वरून म्हणाली की सासूबाईंनी एका वेळी एकच गोष्ट सांगितली असंही पहिल्यांदाच झालंय. बाजारात दोघी एका पिशवीवरून भांडतो आणि इथे चार चाकं शांतपणे उरकली. शेवटी पाय दाबला की दगडावर ठेवल्यासारखा घट्ट लागला. तिने मला दहा वेळा दाबून दाखवला.

आज सकाळी नऊला भंगारवाला आला आणि फाटकाबाहेर विडी ओढत उभा राहिला. तुझा बाप माझ्या शेजारी बसला. कपाळावर घाम, दोन्ही हात समोरच्या दांडीला. मी विचारलं की आधी मी एकटीच गाडी सोडून बघू का, तू बाहेर उभा राहून बघ? नको म्हणाला, बसतो म्हटलंय ना. तेवढ्याने मला इतकं भरून आलं की गिअर चुकला.

गाडी सुटली. फाटकाच्या दोन हात आत थांबली. सरळ, वाकडी न होता. त्याने वाकून फाटकापर्यंतचं अंतर बघितलं. मग म्हणाला की पुन्हा. तीनदा केलं. तिसऱ्यांदा त्याने हात दांडीवरून काढून मांडीवर ठेवले. खाली उतरून भंगारवाल्याला सांगितलं की गाडी विकायची नाही, आणि तुझ्या आईला सांगितलं की चहा टाक, चार कप, त्यालाही दे.

परवा निघते. तुझी आई सोबत येते आहे, चढावर चाकामागे दगड लावायला.

जीव लाव, लावतेसच म्हणा.
तुझी आजी

ता. ३ मार्च, धाकटीच्या घरून

चि. भिंगरी हिस,
दोन्ही आज्यांचे आशीर्वाद. वि. वि.

पोहोचलो. पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीने, पण पोहोचलो. तुझी आई सात वेळा उतरली आणि सात दगड उचलून गाडीत टाकले. म्हणे चांगले आहेत, राहू देत.

माझा निरोप धाकटीने खरा मानलाच नव्हता, इंजिनाचा आवाज ऐकून तिला वाटलं कुणी सरकारी माणूस आला. तिने आतूनच ओरडून सांगितलं की घरात कोणी नाही. मी म्हटलं, मग बोलतंय कोण? काठी पडल्याचा आवाज आला. पुढचं लिहीत नाही, मला लिहिता यायचं नाही. तिच्या नवऱ्याचा विषय काढला, तेव्हा दोघी चुलीपाशी बसून जे रडायचं राहिलं होतं ते रडलो. तुझ्या आईने तोवर भांडी घासली.

ती फार वाळली आहे गं. हा पाय इथे बरा होणार नाही. सगळ्यांनी तिला खाली चल म्हणून सांगून झालं, शेजारचे पुरुष खुर्चीत बसवून उचलून न्यायलाही तयार होते. तिने ऐकलं नाही. म्हणाली, मेल्यावर उचला, तेव्हा मला लाज वाटणार नाही. मी काही सांगितलंच नाही. फक्त तिला जीपमध्ये बसवून अंगणात एक फेरी मारली आणि ब्रेक लावून दाखवला. तिने विचारलं की हा तू केलास? मी म्हटलं, मी आणि सुनेने. काठी घेऊन ती खाली उतरली. मग आत जाऊन पत्र्याची ट्रंक ओढायला लागली.

उद्या सकाळी तिला घेऊन खाली उतरतो. चढायला इंजिन लागतं, उतरायला ब्रेक, एवढं मला आता कळतं. तू लिहिलं होतंस तशी संध्याकाळी चारही चाकं आतून बघितली. कोरडी आहेत.

इथे टपालाची पेटी नाही. पहिली पेटी खाली फाट्यावर, उतार संपतो तिथे. तेव्हा हे पत्र तुझ्या हातात पडलं असेल, तर काळजी करू नकोस.

आमच्या दोघींवरही तुझा लोभ राहो.
तुझी आजी